जुलाब चालू असतानाही मीठ-साखरेचे पाणी अंगात कसे मुरते?

लहान आतड्याच्या अस्तरातील पेशीच्या दोन बाजू सारख्या नसतात, आणि या प्रश्नाचे उत्तर त्या फरकातच आहे. रक्ताकडच्या बाजूचा सोडियम-पोटॅशियम पंप एटीपी (पेशीला ऊर्जा पुरवणारा रेणू) खर्चून दर फेरीत 3 सोडियम आयन बाहेर टाकतो व 2 पोटॅशियम आयन आत घेतो, त्यामुळे पेशीत सोडियम नेहमी कमी राहते. अन्नाकडच्या बाजूचे एसजीएलटी-1 हे वाहक प्रथिन सोडियमच्या या उताराचा (बाहेर जास्त, आत कमी) उपयोग करून 2 सोडियम आयनांबरोबर ग्लुकोजचा 1 रेणू आत आणते. घरातली साखरही आतड्यात फुटून ग्लुकोज देतेच. हे पदार्थ पलीकडे पोहोचले की पाणी परासरणाने (विरघळलेले पदार्थ जास्त असलेल्या बाजूकडे आपोआप सरकत), काही पेशींतून व काही पेशींमधल्या फटींतून, त्यांच्यामागे जाते. पाण्याचा असा वेगळा पंप नसतो.

कॉलऱ्याचे विष क्लोराइडच्या वाहिन्या उघडून पाणी आतड्यात ओतते, परंतु एसजीएलटी-1 हा वाहक शाबूत राहतो. 1971 मध्ये पश्चिम बंगालमधील बनगाव येथे पूर्व पाकिस्तानातून आलेल्या निर्वासितांमध्ये सलाइन अपुरे पडले, तेव्हा डॉ. दिलीप महालनाबिस यांनी याच आधारावर मीठ-साखरेचे पाणी पाजून असंख्य रुग्ण वाचवले, ही मला वैद्यकातील फार मोठी गोष्ट वाटते. साखर प्रमाणाबाहेर घातल्यास मात्र पाणी उलट आतड्यात ओढले जाते व जुलाब वाढतात.