‘तर’ आणि ‘तरच’ : एलएसॅटच्या तयारीविषयी वाचकांचे प्रश्न

अमेरिका आणि कॅनडा येथील विधी महाविद्यालयांच्या प्रवेशासाठी द्याव्या लागणाऱ्या ‘लॉ स्कूल अ‍ॅडमिशन टेस्ट’, म्हणजेच एलएसॅट या परीक्षेविषयी आलेल्या पत्रांपैकी काही पत्रांना या अंकात उत्तरे देत आहे. ज्यांना परीक्षेचे स्वरूप ठाऊक नाही त्यांच्यासाठी आधी थोडक्यात सांगते. प्रत्येकी ३५ मिनिटांचे चार विभाग असतात. त्यांतील तीन विभागांचे गुण धरले जातात: दोन तर्कविचाराचे आणि एक उताऱ्यांच्या आकलनाचा. उरलेला विभाग नव्या प्रश्नांची चाचणी घेण्यासाठी असतो आणि त्याचे गुण धरत नाहीत; परंतु तो कोणता हे विद्यार्थ्याला कळत नाही, त्यामुळे चारही विभाग तितक्याच गांभीर्याने सोडवावे लागतात. निकाल १२० ते १८० या मापात लागतो. कायद्याचे कोणतेही पूर्वज्ञान येथे तपासले जात नाही.

प्रश्न : मी नऊ वर्षे संगणक क्षेत्रात नोकरी करतो आहे आणि आता पेटंटच्या कायद्याकडे वळायचे ठरवले आहे. गेल्या चार महिन्यांत मी अठरा सराव पेपर सोडवले. सुरुवातीला १४८ गुण होते, ते दीड महिन्यात १५७ झाले. त्यानंतर मात्र काटा हललेला नाही. आणखी किती पेपर सोडवावेत?
— एक वाचक, न्यू जर्सी

उत्तर : सध्या एकही नवा पेपर सोडवू नका. आपल्या पत्रात सोडवलेल्या पेपरांचा आकडा आहे, पण सोडवून झाल्यावर त्यांचे काय केले याविषयी एक ओळही नाही, आणि माझ्या मते अडचण नेमकी तिथेच आहे. या परीक्षेची तयारी करताना मीही हीच चूक केली होती. दर शनिवारी पेपर, रात्री गुण मोजायचे, बरोबर उत्तरांची यादी पाहून ‘हो, हे तर मला येत होते’ असे म्हणायचे आणि पुढच्या शनिवारी त्याच जातीचे प्रश्न पुन्हा चुकायचे. तीन महिने असे गेल्यावर लक्षात आले की पेपर सोडवल्याने फक्त आपण कुठे आहोत ते कळते. पुढे सरकणे घडते ते पेपर तपासताना.

पेपर संपल्यावर लगेच उत्तरे पाहू नका. सोडवताना ज्या प्रश्नांपाशी मन जरासेही अडखळले, त्यांवर त्याच वेळी खूण केलेली असावी. ते सर्व प्रश्न दुसऱ्या दिवशी, घड्याळ बाजूला ठेवून, पुन्हा सोडवा आणि मगच उत्तरे पाहा. घड्याळ लावलेले असताना चुकलेला आणि निवांतपणे सोडवल्यावर बरोबर आलेला प्रश्न आपल्याला घाईबद्दल सांगतो. दोन्ही वेळा चुकलेला प्रश्न समजुतीतली उणीव दाखवतो. घाईत अंदाजाने बरोबर आलेला प्रश्न चुकलेलाच समजावा, कारण तो गुण पुढच्या वेळी मिळेल याची काहीही शाश्वती नाही. या तीन प्रकारांवरचे उपाय वेगवेगळे आहेत, आणि ते वेगळे न करता नुसता सराव वाढवणे म्हणजे दुखणे न तपासता औषध वाढवणे होय.

त्यानंतर एक वही घालावी आणि प्रत्येक चुकलेल्या प्रश्नासाठी दोन वाक्ये लिहावीत: निवडलेला चुकीचा पर्याय मला का आवडला, आणि तो नेमक्या कोणत्या शब्दामुळे चुकीचा ठरतो. एक उदाहरण घेऊ. समजा, युक्तिवाद असा आहे: ‘ज्या वाचनालयांनी संध्याकाळची वेळ वाढवली, त्यांची सभासदसंख्या वाढलेली दिसते, म्हणून वेळ वाढवल्यामुळे सभासद वाढतात.’ हा युक्तिवाद टिकण्यासाठी कोणते गृहीतक आवश्यक आहे, असा प्रश्न आहे. एक पर्याय म्हणतो, ‘सभासद वाढवण्याचा वेळ वाढवणे हा एकमेव मार्ग आहे.’ दुसरा म्हणतो, ‘सभासद आधीच वाढू लागले होते आणि म्हणून वेळ वाढवावी लागली, असे घडलेले नाही.’ पहिला पर्याय भारदस्त वाटतो आणि पुष्कळ जण तोच निवडतात. आता दोन्ही उलटे करून पाहा. वेळ वाढवणे हा एकमेव मार्ग नसला, तरी युक्तिवादाला काही धक्का बसत नाही. मात्र सभासद आधी वाढले आणि वेळ त्यामुळे वाढवली असे निघाले, तर सगळा युक्तिवादच कोसळतो. जे उलटे केल्याने युक्तिवाद पडतो, तेच आवश्यक गृहीतक. आपल्या वहीत या प्रश्नापुढे असे लिहिले जावे: ‘एकमेव या शब्दाला भुललो, निष्कर्षाला इतके मोठे विधान लागतच नव्हते.’ अशी चाळीस-पन्नास टिपणे झाली की आपण फसतो त्या जागा मोजक्याच आहेत हे दिसू लागते. त्या जागा ओळखीच्या झाल्यावरच नवा पेपर हाती घ्यावा.

प्रश्न : माझे शालेय शिक्षण मराठी माध्यमात झाले. इंग्रजी उत्तम वाचते, नोकरीत दिवसभर तेच वापरते. तरीही तर्कविचाराच्या विभागात ‘ओन्ली इफ’ आणि ‘अनलेस’ असलेली वाक्ये आली की माझा गोंधळ उडतो. इंग्रजीत जन्म काढलेल्या मुलांशी माझी बरोबरी होईल का?
— एक वाचक, टोरांटो

उत्तर : आपल्या पत्राने मला विशेष आनंद झाला, कारण आपण ज्याला उणीव समजत आहात तेथेच मराठीचा मोठा आधार मिळू शकतो. ‘इफ’ आणि ‘ओन्ली इफ’ यांत इंग्रजी बोलत वाढलेली मुलेही सर्रास अडखळतात. मराठीने हा फरक एका अक्षरात बांधून ठेवला आहे. ते अक्षर म्हणजे ‘च’.

‘अर्ज वेळेत आला तर तो तपासला जातो’ या वाक्यात वेळेत येणे पुरेसे आहे. वेळेत आलेला प्रत्येक अर्ज तपासला जाणार. ‘अर्ज वेळेत आला तरच तो तपासला जातो’ या वाक्यात वेळेत येणे आवश्यक आहे, पण पुरेसे आहे असे कोणी म्हटलेले नाही. वेळेत आलेला अर्ज सही नसल्यामुळेही बाजूला पडू शकतो. म्हणून ‘तरच’च्या वाक्यातून इतकेच निघते की तपासला गेलेला अर्ज वेळेत आलेला होता आणि उशिरा आलेला अर्ज तपासला जाणार नाही. बोलताना आपण ‘तरच’ ऐकून ‘वेळेत दिला की काम झाले’ असे मनाशी धरतो. परीक्षेतला सापळा बहुतेक वेळा या सवयीवरच लावलेला असतो. ‘अनलेस’चे वाक्यही असेच सोडवता येते. ‘कागदपत्रे जोडल्याशिवाय अर्ज तपासला जाणार नाही’ म्हणजेच ‘कागदपत्रे जोडली तरच अर्ज तपासला जाईल’. ‘शिवाय नाही’ दिसले की त्याचे ‘तरच’ करावे. मग वेगळा नियम पाठ करण्याची गरज उरत नाही.

एका ठिकाणी मात्र मराठीच दगा देते, आणि ते सांगितलेच पाहिजे. ‘सगळे अर्ज तपासले गेले नाहीत’ या वाक्याचे दोन अर्थ होतात: काही राहिले, किंवा एकही तपासला गेला नाही. इंग्रजीतल्या ‘नॉट ऑल’चा अर्थ फक्त पहिला आहे. म्हणून त्याचे भाषांतर ‘सगळेच अर्ज तपासले गेले असे नाही’ असे करावे. तसेच ‘सम’ या शब्दाचा अर्थ या परीक्षेत ‘निदान एक, कदाचित सगळेसुद्धा’ असा आहे, तर ‘मोस्ट’ म्हणजे निम्म्याहून अधिक, आणि त्यातही ‘सगळे’ येऊ शकतात. बोलण्यात आपण ‘काही पाहुणे आले’ म्हटले की ‘सगळे आले नाहीत’ असे ऐकतो. परीक्षेत तसे ऐकायचे नाही.

हे भाषांतर फक्त चुका तपासताना, वहीत करावे. एका तर्कविभागात साधारण २५ प्रश्न असतात, म्हणजे प्रश्नामागे दीड मिनिटही मिळत नाही. तेवढ्यात भाषांतर करत बसणे परवडणारे नाही. सहा-आठ आठवडे वहीत लिहिल्यावर ‘ओन्ली इफ’ वाचतानाच मनात ‘तरच’ उमटू लागते, आणि मग लिहिण्याची गरज राहत नाही.

प्रश्न : उताऱ्यांच्या विभागात चारपैकी तीनच उतारे पूर्ण होतात. वाचनाचा वेग कसा वाढवावा?
— एक विद्यार्थी

उत्तर : ३५ मिनिटांत चार उतारे म्हणजे प्रत्येकी पावणेनऊ मिनिटे होतात. आपला वेळ बहुधा उतारा वाचण्यात जात नसून प्रश्नापाशी आल्यावर तोच उतारा पुन्हा पुन्हा चाळण्यात जात असावा. एखाद्या उताऱ्यावर घड्याळ लावून हे एकदा तपासून पाहा. पहिल्या वाचनात नावे आणि तपशील लक्षात ठेवण्याचा प्रयत्न सोडून द्यावा. प्रत्येक परिच्छेद संपला की क्षणभर थांबून मनात म्हणावे: येथे लेखक जुने मत सांगतो आहे, येथे त्यावर आक्षेप घेतो आहे, येथे स्वतःचे मत मांडतो आहे. हा नकाशा तयार असला की तपशील विचारणाऱ्या प्रश्नासाठी कोणत्या परिच्छेदात जायचे ते आपोआप कळते. लेखकाचा कल दाखवणारे ‘दुर्दैवाने’, ‘काहीसे’, ‘तथापि’ या जातीचे शब्द सहज निसटतात आणि प्रश्न अनेकदा त्यांच्यावरच बेतलेले असतात. चार संचांपैकी एकात दोन छोटे उतारे जोडीने दिलेले असतात. तेथे दुसरा उतारा वाचताना तो पहिल्याशी कुठे सहमत आहे आणि कुठे नाही, एवढाच प्रश्न मनात जागा ठेवावा.

वेळ संपत आली तर राहिलेल्या प्रत्येक प्रश्नाला एखादा पर्याय निवडून ठेवावा. चुकीच्या उत्तराबद्दल गुण वजा होत नाहीत, त्यामुळे कोरा सोडलेला प्रश्न हे निव्वळ नुकसान आहे.

प्रश्न : मी भारतात एलएल.बी. केले आहे आणि अमेरिकेत एलएल.एम. करायचे आहे. एलएसॅट द्यावी लागेल का? घरी आतेभावाने २०१८ साली वापरलेली पुस्तके आहेत.
— एक वाचक, पुणे

उत्तर : एलएल.एम.साठी सर्वसाधारणपणे एलएसॅट लागत नाही. ती मुख्यतः जे.डी. या तेथील वकिलीच्या मूळ पदवीच्या प्रवेशासाठी असते. आपण ज्या विद्यापीठांना अर्ज करणार आहात त्यांच्या अटी पाहाव्यात. तेथे इंग्रजीची परीक्षा मागितलेली असण्याची शक्यता अधिक. पुस्तकांविषयी इतर वाचकांसाठीही सांगते की ऑगस्ट २०२४पासून या परीक्षेतून ‘लॉजिक गेम्स’ हा विभाग काढून टाकण्यात आला आहे. आकृत्या काढून सोडवाव्या लागणाऱ्या त्या प्रश्नांमुळे दृष्टिहीन विद्यार्थ्यांवर अन्याय होतो, या तक्रारीवरून झालेल्या २०१९च्या तडजोडीतून हा बदल आला. त्यामुळे जुन्या पुस्तकांतील तो भाग सोडून द्यावा. तर्कविचाराचा आणि उताऱ्यांचा भाग आजही तितकाच उपयोगी आहे.

प्रश्न : माझ्या मुलीला घरच्या सरावात सातत्याने १६६-१६७ गुण पडत होते, प्रत्यक्ष परीक्षेत १६१ आले. पहिल्याच विभागात हात थरथरू लागले आणि एकच प्रश्न चार वेळा वाचला, असे ती सांगते. तिने पुन्हा परीक्षा द्यावी का? ती आता त्याविषयी बोलायलाही तयार नाही.
— एक आई

उत्तर : तिने पुन्हा परीक्षा द्यावी असे मला वाटते, पण ती स्वतः तो विषय काढेपर्यंत आपण थांबावे. कोणताही गुण हा नेमका बिंदू नसतो. त्याच्या दोन्ही बाजूंना सुमारे तीन गुणांचा पट्टा धरला जातो. त्यामुळे १६१ आणि १६७ यांतले अंतर दिसते तेवढे मोठे नाही, आणि सरावात सातत्याने जे जमत होते ते परीक्षेतही जमू शकते. गुण ग्राह्य धरले जाण्याच्या चालू कालावधीत पाच वेळा आणि एकूण सात वेळा ही परीक्षा देता येते. महाविद्यालयांना आधीचे गुणही दिसतात, तरी ती सहसा सर्वोच्च गुणाला महत्त्व देतात. एका कमी गुणाने दार बंद होत नाही, हे तिला कोणीतरी शांतपणे सांगायला हवे.

हात थरथरण्याचा विचारही सरावाइतक्याच काळजीने करावा. घरी पेपर सोडवताना ती कदाचित मध्येच पाणी प्यायला उठत असेल, विभागांमध्ये हवा तेवढा वेळ घेत असेल. शेवटच्या महिन्यात सराव परीक्षेच्याच वेळी, चारही विभाग सलग, दुसऱ्या विभागानंतर दहाच मिनिटांची विश्रांती घेऊन आणि शक्यतो अनोळखी खोलीत व्हावा. एकच प्रश्न दोनदा वाचूनही उलगडला नाही, तर त्यावर खूण करून पुढे जायचे, हा नियम सरावातच इतका मुरवावा की त्या दिवशी तो ठरवावा लागू नये. पहिला विभाग बिघडलाच, तर तो कदाचित गुणांत न धरला जाणाराच असेल, हेही तिच्या कानावर घालावे. मला स्वतःला त्या विचाराचा फार आधार वाटला होता.

तिला आधीपासून वाचनदोष, एकाग्रतेचा विकार किंवा चिंतेचा निदान झालेला त्रास असेल, तर वैद्यकीय कागदपत्रांसह अर्ज केल्यास अधिक वेळ किंवा अधिक विश्रांती मिळू शकते. हा अर्ज नावनोंदणीच्या मुदतीतच करावा लागतो, म्हणून पुढची तारीख ठरवण्याआधी डॉक्टरांची भेट ठरवावी.