रात्री सम, सकाळी विषम: टोचन झालेल्या गाडीचं काय करायचं?

प्रश्न: आम्ही कोथरूडमध्ये भाड्यानं राहतो. सोसायटीत २८ फ्लॅट आणि गाड्यांना जागा १६. त्यामुळे आमची गाडी बाहेर गल्लीत, सोसायटीच्या भिंतीलगत असते. गेल्या महिन्यात ८ तारखेला रात्री अकराला सम तारखेच्या बाजूला लावली. सकाळी पावणेदहाला खाली आले तर गाडी गायब. वॉचमन म्हणाला, टोचनवाली मुलं होती, पोलीस दिसले नाहीत. बाजूचा फलक गुलमोहराच्या फांदीत दडलेला आहे. वाहतूक विभागात ५०० रुपये दंड आणि वेगळे टोचनचे पैसे भरून गाडी सोडवली. बंपरचा कोपरा खरवडलाय आणि गिअरबॉक्स आवाज करतोय. गाडी ऑटोमॅटिक आहे. चेअरमननीच फोन केला होता असं नंतर कळलं. त्यांनी आता नोटीस लावली आहे की आवारात ‘बाहेरची’ गाडी दिसली तर जॅमर लावू किंवा खासगी टोइंगवाल्याला बोलावू. दंड परत मिळेल का? चेअरमनवर चोरीची तक्रार करता येईल का?

उत्तर: ताई, शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण रागाच्या भरात माणूस आधी तेच करून बसतो. चोरीची तक्रार देऊ नका. चोरीला अप्रामाणिक हेतू लागतो. गल्लीत चुकीच्या बाजूला गाडी आहे असा फोन पोलिसांना करणं हा गुन्हा नाही. शेजारधर्म नाही एवढंच म्हणता येईल. तुमची तक्रार बसते ती गाडी कोणी उचलायला सांगितली, कशी उचलली आणि फलक दिसत होता का, या तीन गोष्टींवर.

आधी तुमची कमकुवत बाजू. “मी लावली तेव्हा सम तारीख होती” हा बचाव चालत नाही. पी-१, पी-२ च्या गल्लीत (म्हणजे विषम तारखेला एका बाजूला आणि सम तारखेला दुसऱ्या बाजूला पार्किंग) तारीख रात्री बारालाच बदलते, आणि नियम गाडी कधी लावली हे बघत नाही, आत्ता कुठे उभी आहे ते बघतो. ९ तारखेला सकाळी ती सम बाजूला उभी होती, म्हणजे चुकीच्या बाजूला. (३१ आणि १ या लागोपाठच्या दोन्ही तारखा विषम, म्हणून एखाद्या महिनाअखेरीस गाडी दोन दिवस एकाच बाजूला राहते. पुणेकराला मिळणारी ही एवढीच सवलत.)

दुसरा गैरसमज दहा तासांचा. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १२७ मध्ये सार्वजनिक जागी दहा तास किंवा जास्त बेवारस पडलेल्या गाडीचा उल्लेख आहे. त्यावरून बरेच जण सांगतात की दहा तास झाल्याशिवाय उचलताच येत नाही. पण त्याच वाक्यात पुढे ‘किंवा’ आहे: किंवा पार्किंगला कायद्यानं मनाई असलेल्या जागी उभी असेल तर. तिथे दहा मिनिटंही पुरतात.

एक गोष्ट तुम्ही पत्रात लिहिली नाही: गाडी भिंतीला लागून होती, की गेटचा काही भाग अडवत होती? गेट अडवत असेल तर फलकाचा मुद्दा जवळपास संपतो. मोटार वाहने (चालन) विनियम, २०१७ प्रमाणे एखाद्या आवाराच्या प्रवेशद्वारासमोर गाडी लावायला मनाई आहेच; तिथे फलक असो वा नसो, आणि गेट आपल्याच सोसायटीचं असलं तरी. पुण्यात गेटवर ‘हवा सोडली जाईल’ लिहिणाऱ्यांना हा विनियम बहुधा माहीत नसतो, नाहीतर त्यांनी तोच रंगवून घेतला असता. गाडी निव्वळ भिंतीलगत होती असं धरून पुढे लिहितो.

आता तुमची बळकट बाजू. कलम १२७ प्रमाणे गाडी उचलायची परवानगी त्या हद्दीतला, गणवेशातला पोलीस अधिकारी देतो. ठेकेदाराची मुलं गाडी बांधतात, ओढतात, ठरवत नाहीत. उचलताना तिथे पोलीस नव्हताच हे सिद्ध झालं तर टोचनच्या पैशांचा पायाच डळमळतो, कारण तो खर्च मालकानं द्यायचा असतो तो पोलिसानं रीतसर परवानगी दिलेल्या टोचनचा. वॉचमनचं “पोलीस दिसले नाहीत” एवढ्यावर मात्र मी कोर्टात उभा राहणार नाही. हवालदार मोटारसायकलवरून मागे येतो आणि कोपऱ्यावर थांबतो, असं मी स्वतः पाहिलं आहे.

म्हणून सीसीटीव्ही. सोसायटीच्या गेटवरचा कॅमेरा त्या भिंतीकडे बघत असेल तर ९ तारखेचं सकाळी नऊ ते दहाचं चित्रीकरण लेखी मागा, आजच. बहुतेक ठिकाणी काही आठवड्यांत जुनं पुसून त्यावर नवं बसतं; तुमच्या बाबतीत कदाचित उशीर झालाही असेल. चेअरमन प्रतिवादीच्या बाकावर असल्यामुळे अर्ज सचिवांच्या नावे, फ्लॅटमालकाच्या सहीनं द्या आणि पोच घ्या. समोरच्या बंगल्याचा किंवा दुकानाचा कॅमेरा असेल तर तिथेही गोडीत विचारा. गिअरबॉक्सचं पुढे काय होईल तेही याच चित्रीकरणावर ठरेल.

दुसरा बळकट मुद्दा फांदीचा. कायद्याचं कलम ११६ फलक उभारायची परवानगी देतं ते मनाई लोकांच्या निदर्शनास आणण्यासाठी. पानांत लपलेला फलक कोणाच्या निदर्शनास काय आणणार? पण फोटो काढताना झाडाचा नाही, चालकाच्या नजरेचा फोटो काढा: गल्लीत शिरताना, गाडीत बसलेल्या उंचीवरून. तिन्ही-चारही बाजूंनी. ते अजून काढले नसतील तर महापालिकेचा उद्यान विभाग फांदी छाटायच्या आत काढा.

मग दंड परत मिळेल का? ५०० रुपये बहुधा नाही.

तुम्ही भरलेला पैसा कायद्याच्या भाषेत शिक्षेचा दंड नव्हे, तडजोड शुल्क आहे. कलम २०० प्रमाणे ते भरलं की प्रकरण तिथेच मिटतं. पुढे खटला नाही, दोषी ठरवणंही नाही. पण मिटलेलं प्रकरण उकरायची सोपी वाटही मग राहत नाही. पैसे भरलेल्या चलानावर ऑनलाइन तक्रार केली तर हाती काही लागत नाही, आणि ५०० रुपयांसाठी उच्च न्यायालयात रिट करा असं सांगणारा वकील भेटला तर त्याची फी आधी विचारा. कायद्यानं तुम्हाला त्या दिवशी “मला तडजोड करायची नाही, चलान न्यायालयात पाठवा” असं म्हणायचा हक्क होता. गाडी अडकवून ठेवायचा जो अधिकार कलम २०७ मध्ये आहे तो बिनपरवाना चालक, नोंदणी नसलेली गाडी, परमिट नसलेलं वाहन अशा मोजक्या कारणांसाठी आहे. पार्किंग त्यात नाही. पण सकाळी दहाला, ऑफिस बुडत असताना, यार्डातल्या माणसाला कलम २०७ समजावत कोण बसणार? मीसुद्धा एकदा कोर्टाला उशीर होतो म्हणून मुकाट्यानं भरून आलो आहे. पुढच्या वेळी एवढं करा: टोचनचे पैसे ‘हक्क राखून’ असं अर्जात लिहून भरा, अर्जावर पोच घ्या आणि चलान न भरलेलं राहू द्या. मग महाट्रॅफिक अ‍ॅपवर फोटोंसह हरकत घेता येते, किंवा न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे बाजू मांडता येते. निव्वळ दंडाच्या गुन्ह्याची दखल न्यायालयानं सहा महिन्यांत घ्यायची असते (भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ५१४). तोवर चलान गाडीच्या नावावर लोंबकळत राहील, याची तयारी हवी. लोकअदालतीत रक्कम कमी होऊ शकते, पण तिथला निवाडा अंतिम असतो, वर अपील नाही. ज्याला “माझी चूकच नव्हती” असं सिद्ध करायचं आहे त्याची ती जागा नव्हे. आणि पुढच्या चलानाला ई-चलानाचं यंत्र ही जुनी नोंद दाखवून दुसऱ्या वेळेचे १,५०० रुपये मागेल, हेही लक्षात ठेवा.

तुमची खरी लढाई टोचनचे पैसे आणि गाडीचं नुकसान यांची आहे, आणि त्यासाठी पहिलं हत्यार माहितीचा अधिकार. महाराष्ट्रात अर्ज एका विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत असावा लागतो, म्हणून दोन अर्ज करा, प्रत्येकी १० रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून. जन माहिती अधिकारी, वाहतूक शाखा, पोलीस आयुक्तालय यांच्या नावे पहिला असा:

“अमुक गल्लीतील सम-विषम पार्किंगबाबत मोटार वाहन कायद्याच्या कलम ११५, ११६ व ११७ अन्वये काढलेल्या आदेशाची प्रत, आदेशापूर्वी मागवलेल्या हरकती-सूचनांची कागदपत्रं आणि फलक बसवल्याच्या नोंदीची प्रत द्यावी.”

आणि दुसरा:

“दि. ९ रोजी सकाळी ९ ते १० या वेळेत गाडी क्र. अमुक उचलणाऱ्या टोइंग वाहनावर नेमलेल्या पोलीस अधिकाऱ्याचं नाव व हुद्दा, उचलण्यापूर्वी काढलेले फोटो वा चित्रीकरण आणि ठेकेदाराशी झालेल्या कराराची प्रत द्यावी.”

“का उचलली?” असं विचारू नका. माहितीच्या अधिकारात कागद मिळतो, खुलासा मिळत नाही. ‘का’ विचारलं की अर्ज फेटाळायला त्यांना आयतं कारण मिळतं. ३० दिवसांत उत्तर आलं नाही तर पहिलं अपील. अशा अर्जांत कधी कधी मजा होते: गल्लीत फलक असतो आणि त्याच्यामागचा आदेश सापडत नाही. तसं झालं तर मला पुन्हा लिहा, उत्तर बरंच वेगळं असेल. करारात ठेकेदारानं नुकसान भरून द्यायची अट आहे का, हे मात्र नीट वाचा.

गिअरबॉक्सबद्दल. तुमची गाडी पुढच्या चाकांवर चालणारी असेल आणि मागून उचलून नेली असेल, तर ‘पी’ (पार्क) गिअरमध्ये अडकलेली पुढची चाकं रस्त्यावर घासत गेली. त्यानं काय होतं हे कुठलाही मेकॅनिक सांगेल. पुढून उचलली असेल तर हा दावा सोडा. मग आवाज दुसऱ्याच कशाचा आहे. अधिकृत सर्व्हिस सेंटरमधून नुकसानीचं कारण लिहिलेला लेखी अहवाल घ्या, नुसता खर्चाचा अंदाज नको. दुरुस्ती त्यानंतर. बंपरबाबत तुम्ही यार्डातच फोटो काढून तिथल्या नोंदवहीत शेरा लिहायला हवा होता. तो नसेल तर आदल्या आठवड्यातला एखादा फोटो शोधा, वाढदिवसाचा, सहलीचा, ज्यात बंपरचा तो कोपरा धडधाकट दिसतो.

हे सगळं जोडून पोलीस उपायुक्त, वाहतूक यांना अर्ज आणि त्याची प्रत ठेकेदाराला. बहुतेक वेळा बंपरवर तडजोड होते ती इथेच. नाही झाली तर दिवाणी दावा, आणि शासनाला पक्षकार करायचं तर आधी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८० ची दोन महिन्यांची नोटीस. गिअरबॉक्सचा खर्च मोठा निघाला तरच त्या वाटेला जा. ग्राहक आयोगात जायचा सल्ला तुम्हाला कुणीतरी देईलच. पण टोचन ही सेवा तुम्ही विकत घेतलेली नाही, म्हणून तिथे दावा टिकवणं अवघड आहे.

राहिली चेअरमनची नोटीस. इथे मात्र तुम्ही निर्धास्त राहा. जॅमर आणि टोचन यांचा कलम १२७ मधला अधिकार पोलिसांचा आहे, तोही सार्वजनिक जागेवर. सोसायटीच्या उपविधींत, म्हणजे कारभाराच्या नियमावलीत, गाडी ओढून न्यायचा अधिकार कुठेही नाही. नियम मोडणाऱ्याला दंड करायचा तर तो सर्वसाधारण सभेनं ठरवलेला हवा, आधी नोटीस आणि म्हणणं मांडायची संधी हवी. आणि आदर्श (नमुना) उपविधींत वर्षाला ५,००० रुपयांची मर्यादा आहे. खासगी टोइंगवाल्यानं गाडी ओढताना ती मोडली तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२४ खाली नुकसानीच्या गुन्ह्याची तक्रार होऊ शकते, ओढणाऱ्यावर आणि सांगणाऱ्यावरही. फक्त अग्निशमन बंबाचा रस्ता अडवून गाडी लावू नका. तिथे माझीही सहानुभूती चेअरमनना आहे.

याचा अर्थ आवारात तुम्हाला जागा मिळाली असा नाही. पार्किंगचा हक्क सदस्याचा, म्हणजे तुमच्या फ्लॅटमालकाचा. त्यांना सचिवांकडे अर्ज करायला सांगा आणि एक साधा प्रश्न विचारायला सांगा: १६ जागांपैकी कुणाकडे दोन आहेत का? आदर्श उपविधींप्रमाणे एका सदस्याला सहसा एकच जागा मिळते. उरली तरच दुसरी, तीही वर्षापुरती, आणि एकही जागा न मिळालेला सदस्य मागत नसेल तर. जागा कमी आणि मागणारे जास्त असतील तर चिठ्ठ्या टाकायच्या. “आम्ही बिल्डरकडून विकत घेतली” असं कुणी म्हणालं तर दहिसरच्या पांचाली सोसायटीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं २०१० मध्येच सांगून ठेवलंय, की इमारतीखालची खांबांमधली मोकळी जागा बिल्डरला फ्लॅटसारखी वेगळी विकता येत नाही. सोसायटीनं दाद दिली नाही तर मालक सहकार न्यायालयात महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्याच्या कलम ९१ खाली जाऊ शकतात. त्या १६ जागांच्या वाटपाच्या यादीत दुसरी जागा कोणाच्या नावावर आहे, हे बघायला मला फार आवडेल.