दुनळी घरात आणण्याआधी

रावेर

चि. बेटा,

अनेक आशीर्वाद.

तुझा लांबच लांब मेसेज रात्री वाचला. तुझ्या आजोबांची, जिभाऊंची, सत्तरी उलटली, त्यांची बारा बोअरची दुनळी बंदूक तुझ्या नावावर करायची आहे आणि नेमकी याच वर्षी नंदुरबारची सोयरीक जुळते आहे. मुलीच्या आईने पाहुण्यांसमोरच विचारलं, "घरमा बंदूक कसाले ठेवतस तुम्ही?" आणि तुझी बोबडी वळली. आता तुला मुद्दे हवेत. सोबत काही व्हिडिओ पाठवलेस आणि विचारलंस, आबा, यातलं काय बोलू?

त्यातलं काहीच बोलू नकोस. ते सगळे अमेरिकेतले आहेत. तिथे 1791 साली दुसरी घटनादुरुस्ती झाली आणि शस्त्र बाळगण्याचा हक्क थेट राज्यघटनेत गेला. म्हणून तिथला माणूस वादाची सुरुवातच "माझा हक्क" अशी करतो. आपल्याकडे 1959 चा शस्त्र अधिनियम आहे आणि त्यात तुला मिळतो तो परवाना. जिल्हादंडाधिकारी देतात, पोलिसांचा अहवाल बघून देतात, मुदत घालून देतात आणि कारण दिसलं तर काढूनही घेतात. सासूबाईंपुढे हक्काची भाषा केलीस तर त्या पुढचं ऐकणार नाहीत, आणि कायद्याच्या दृष्टीनेही तू तोंडघशी पडशील. त्यापेक्षा परवाना कसा जातो ते त्यांना सांग. जिभाऊ हयात असताना बंदूक तुझ्याकडे येऊ शकते, कारण 2016 च्या नियमांत परवानाधारकाची सत्तरी किंवा बंदूक बाळगल्याची 25 वर्षं, यातलं जे आधी होईल त्यानंतर वारसाला अर्ज करण्याची सोय आहे. पण अर्ज तुझ्या नावाचा, चौकशी तुझी, शारीरिक-मानसिक तंदुरुस्तीचा दाखला तुझा, सुरक्षित हाताळणीचं प्रशिक्षण तुझं, आणि ती नीट ठेवीन असं हमीपत्रही तुझंच. पूर्वी एका माणसाला तीन बंदुका ठेवता यायच्या, 2019 च्या दुरुस्तीने त्या दोन केल्या. परवान्याची मुदत मात्र तीन वर्षांवरून पाच केली. घाबरलेल्या माणसाला बंदुकीच्या गुणगानापेक्षा हे ऐकून जास्त धीर येतो की हिच्यावर कुणाचा तरी डोळा आहे.

दुसरं असं की नंदुरबारच्या माणसांना बंदूक म्हणजे काय ते शिकवायला जाऊ नकोस. 9 सप्टेंबर 1942 ला त्या गावात पोलिसांनी मिरवणुकीवर गोळ्या झाडल्या. शिरीषकुमार मेहता तेव्हा पंधरा वर्षांचा होता, हातात तिरंगा होता. त्याच्यासकट पाच जण गेले. तिथलं लेकरू शाळेत असताना एकदा तरी त्या स्मारकापाशी जाऊन उभं राहतं. मी पोलिसांच्या शस्त्रागारात, कोतात, नोकरी केलेला माणूस. थ्री नॉट थ्री रायफलीपासून इन्सास रायफलीपर्यंत सगळं माझ्या हाताखालून गेलं. तरी त्या गावात "माहिती नाही म्हणून तुम्ही घाबरता" हे वाक्य माझ्या तोंडून निघणार नाही. तुझ्या मेसेजमध्ये ते आहे. खोडून टाक.

आणि खरं सांगू का, सासूबाई दुनळीला थोड्याच भीत असतील. त्या तुला जोखताहेत. हा पितो का? बांधावरून भाऊबंदाशी वाजलं तर घरात जाऊन काय घेऊन येतो? आणि ज्या रात्री हा माझ्या लेकीवर ओरडेल, त्या रात्री तिला कोपऱ्यातलं ते कपाट आठवेल का? हा शेवटचा प्रश्न तुला तोंडावर कुणी विचारणार नाही, पण उत्तर त्याचंच हवं असतं. बंदूक कपाटातून एकदाही न काढता तिच्या नुसत्या असण्याने घरातल्या बाईचा आवाज खाली येऊ शकतो. नोकरीत मी परवाना निलंबित झालेल्यांच्या बंदुका जमा करून घ्यायचो, तेव्हा सोबतचे कागद वाचावे लागायचे. त्यात दरोडेखोराशी दोन हात केल्याची हकिगत शोधून सापडायची नाही. दारू, बांध, वाटणी, बायकोची तक्रार, हेच. म्हणून बंदुकीबद्दल बोलण्याआधी स्वतःबद्दल बोल. तू घेत नाहीस हे मला माहीत आहे, त्यांना कसं कळावं? आणि तुझा रागही मला माहीत आहे. ट्रॅक्टरवाल्याशी परवा झालेलं माझ्या कानावर आलं आहे. त्यांच्याही येईल, खानदेशात सोयरीक ठरताना चौकशी गावातल्या पानटपरीपर्यंत जाते.

त्याच ओघात सांगतो, व्हॉट्सअॅपवरचा तो फोटो आजच काढ. गॉगल, खांद्यावर दुनळी, मागे केळीची बाग. एक तर परवाना अजून जिभाऊंचा, मग ती तुझ्या खांद्यावर आली कशी हे कुणी ठाण्यात विचारलं तर जिभाऊ अडचणीत येतील. आणि सासूबाईंनी तो फोटो पाहिलेला असणार. त्यानंतर तू शेती संरक्षणावर कितीही बोललास तरी त्यांच्या डोळ्यांपुढून गॉगल जाणार नाही. वरातीतला बंदुकीचा बारही मनातून काढून टाक, मित्र कितीही मागे लागले तरी. आनंदाच्या भरात बेपर्वाईने गोळी झाडली तर आता कायद्यात वेगळं कलम आहे, दोन वर्षांपर्यंत कैद किंवा 1 लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. लग्नपत्रिका छापण्याआधी "आमच्या वरातीत बंदूक निघणार नाही" एवढं तू होऊन सांग. तुझ्या सगळ्या मुद्द्यांपेक्षा ते भारी ठरेल.

आता तुझा आवडता मुद्दा, की गुन्हे गावठी कट्ट्याने होतात, परवान्याच्या बंदुकीने होत नाहीत. पहिला अर्धा भाग बरोबर आहे. आपल्या देशात बंदुकीने होणाऱ्या खुनांत बिनपरवाना हत्यारांचा वाटा फार मोठा आहे. चोपड्याच्या वर, मध्य प्रदेशच्या हद्दीवरच्या उमर्टीचं नाव कट्ट्यांच्या बातमीत किती वेळा येतं ते तुला ठाऊक आहेच. पण हे सांगून सासूबाईंचं समाधान का व्हावं? त्यांची लेक उमर्टीला नांदायला चाललेली नाही, तुझ्या घरी चालली आहे. तुझा मुद्दा कलेक्टर कचेरीत चालेल, ओसरीवर नाही.

शेतीचं विचारतील, तेव्हा फुगवून सांगू नकोस. जिभाऊंनी परवाना काढला तो रानडुकरांसाठी. मक्यात, केळीच्या खोडात ती काय धुमाकूळ घालतात हे नंदुरबारकडच्या माणसाला समजावावं लागणार नाही. पण बहुतेक रात्री बॅटरी, फटाके आणि डब्याचा आवाज यावरच काम भागतं, हे जिभाऊच तुला सांगतील. आणि शेतीसाठी परवाना आहे म्हणून जनावर मारण्याची मुभा मिळाली असं नाही. रानडुक्कर असो की नीलगाय, वनखात्याच्या परवानगीशिवाय मारलं तर वन्यजीव कायदा लागतो. बिबट्याचं तर नावच काढू नकोस. 2017 साली चाळीसगाव तालुक्यात, गिरणेच्या काठाला, बिबट्याने माणसं मारली. गावंच्या गावं अंधार पडला की दारं लावून बसायची. त्या मुलखातही परवान्याच्या बंदुका असतीलच. तरी त्याला गोळी घातली गेली ती वनखात्याने रीतसर आदेश काढल्यावर, त्यांनी नेमलेल्या माणसाकडून. तेव्हा "बिबट्या आला तर?" या प्रश्नाला "मी आहे ना" असं उत्तर देऊ नकोस. घराला पक्कं दार, गोठ्याला जाळी, अंगणात दिवा आणि वनखात्याचा नंबर, हे उत्तर. मग दुनळी कशाला, असं त्या विचारतील. तुझ्याकडे प्रामाणिक उत्तर काय आहे, ते आधी स्वतःशी ठरव. आजोबांची आठवण म्हणून हवी असेल तर तसंच सांग. त्यात लाजण्यासारखं काही नाही, आणि खोट्या शौर्यापेक्षा ते ऐकायला बरं वाटतं.

एक भीती मात्र त्यांच्यापेक्षा तुझ्या मनात जास्त असायला हवी. आपला धंदा केळीचा. एका वादळात उभी बाग आडवी होते, सीएमव्ही हा विषाणूचा रोग आला तर रोपं उपटून बांधावर फेकावी लागतात, आणि भाव पडला तर घड झाडावरच पिकतात. अशी वर्षं तुझ्याही वाट्याला येतील. ज्या अमेरिकेतले व्हिडिओ तू बघतोस, तिथल्याच अभ्यासांनी वारंवार दाखवलं आहे की घरात बंदूक असली की आत्महत्येचा धोका वाढतो, आणि तो फक्त मालकाचा नाही, घरातल्या सगळ्यांचा. जीव द्यावासा वाटण्याची ती वेळ पुष्कळदा थोडी असते, टळली तर माणूस सावरतो. बंदूक हाताशी असली की टळायला जागाच उरत नाही. तुझ्याशी हे बोलताना मला जड जातं, पण लिहितो. ज्या साली घरात कर्ज, आजारपण, भांडण किंवा कुणाची झोप उडालेली दिसेल, त्या साली दुनळी परवाना असलेल्या डीलरकडे किंवा ठाण्यात जमा करायची आणि पावती घ्यायची. निवडणुकीच्या आचारसंहितेत कित्येक परवानाधारक हेच करतात, निकाल लागला की परत आणतात. कुणाची इज्जत जात नाही.

आणि हा शब्द होणाऱ्या बायकोला दे, सासूबाईंच्या समोर. कपाटाची चावी तुझ्याकडेच राहणार, कारण परवाना तुझा आणि जबाबदारीही तुझी. पण ती ज्या दिवशी म्हणेल "जमा करा", त्या दिवशी दुनळी घराबाहेर जाईल, कारण न विचारता. उद्या तुझं तिच्याशी भांडण झालं असेल आणि त्या भांडणातच ती हे म्हणाली, तरीही. किंबहुना तेव्हा तर आधी. हे तुला मान्य नसेल तर अर्ज करू नकोस. मी इतकी वर्षं हत्यारं सांभाळली, माझ्याकडून शिफारशीचा शब्द हवा असेल तर माझी एवढीच अट आहे.

पाहुणे घर बघायला येतील तेव्हा बंदूक दाखवायची का, हे विचारलंस. त्यांनी म्हटलं तरच, आणि जिभाऊंच्या हातून. दिवसाउजेडी, लेकरं दुसऱ्या खोलीत. जिभाऊ नळी जमिनीकडे ठेवून दुनळी उघडतील, काडतूस बसायच्या दोन्ही खोबणी रिकाम्या आहेत हे बोट घालून बघतील, मग नळीतून पलीकडचा उजेड सासऱ्यांना दिसेल. नंतर तिचे तीन भाग करायचे: नळ्या, दस्ता आणि पुढचं लाकूड. कपाटात ती अशीच सुटी ठेवायची, काडतुसं वेगळ्या कुलपात. सेफ्टीच्या खटक्याचं कौतुक करू नकोस, बहुतेक दुनळ्यांत तो नुसता चाप अडवतो, जोरात आपटली तर त्याचा भरवसा नाही. "धरून बघा" असा आग्रह तर मुळीच नको. आपल्याकडे खंडेनवमीला भिंतीवरची बंदूक उतरवून पाटावर ठेवतात, हळदकुंकू वाहतात, आणि रिकामी आहे का हे बघायचं राहून जातं. तुमच्या ओसरीवरची ती हरणाच्या शिंगांशेजारची खुंटीही काढून टाक, नाहीतर दुनळी पुन्हा तिथेच जाऊन लटकेल.

एवढं करूनही त्या नाही म्हणाल्या तर? म्हणू दे. जिभाऊंना ती रीतसर विकता येते किंवा सरकारजमा करता येते. मुलगी चांगली आहे असं तूच लिहिलंस.

जिभाऊंच्या लोखंडी पेटीत जुनी काडतुसं असतील, पुठ्ठ्याची, ओल लागून फुगलेली. त्यांना हात लावू नकोस, फोडून तर अजिबात बघू नकोस. किती आहेत ते जिभाऊंनाच मोजू दे आणि परवान्यावरच्या नोंदीशी ताडून ठेव. मी मंगळवारी जळगावला येतो आहे. परवान्याचं जुनं पुस्तक आणि जिभाऊंच्या वयाचा दाखला घेऊन अकराच्या सुमारास कलेक्टर कचेरीच्या दारात थांब. जेवण करून ये, तिथे वेळ जातो.

तुझा,
आबा