शब्द पाठ होतात, पण बोलताना आठवत नाहीत

प्रश्न : ताई, मी कोथरूडला राहते, वय ५२. मुलगी बंगलोरला असते, तिच्या घरी सगळे इंग्लिशच बोलतात. म्हणून जुने इंग्लिश रोमँटिक सिनेमे बघून शब्द वहीत लिहून काढते, पण ऐनवेळी तोंडातून एक शब्द फुटत नाही. काय चुकतंय?

उत्तर : अहो, फक्त सुटे शब्द लिहिणं बंद करा, अख्खं वाक्य लिहा. १९४२चा 'कॅसाब्लांका' बघा, त्यात अमेरिकेला निघालेलं एक वयस्कर जर्मन जोडपं आहे, सराव म्हणून आपसात इंग्लिशच बोलतात आणि किती वाजले विचारताना नवरा 'व्हॉट वॉच' म्हणतो, कारण जर्मनमध्ये घड्याळ आणि वाजले दोन्हीला 'उअर' हा एकच शब्द, म्हणजे शब्द इंग्लिश पण वाक्य जर्मनच राहिलं. आपलंही तेच होतं. मला तर तो सीन बघताना दरवेळी भरून येतं, किती जीव लावून शिकतायत दोघं!

मग १९५३चा 'रोमन हॉलिडे' घ्या. राजकन्येचं इंग्लिश एकदम दरबारी, अमेरिकन पत्रकाराचं रोजच्या वापरातलं, तुम्हाला त्याचंच हवंय. दोनच मिनिटांचा तुकडा घ्या, सबटायटल पण इंग्लिशच ठेवा, पॉज करा आणि त्याच्यासारखंच मोठ्याने म्हणा, कुकर लावताना परत म्हणा, लाजू नका. आणि रात्री मुलीचा फोन आला की त्यातलं एक वाक्य तिच्याशी बोलाच.