बिल निम्मं करणारी डबी

प्रश्न : सॉकेटमध्ये लावायचं 'वीज बचत यंत्र' आमच्या बाजारात विकायला येतं. विक्रेत्याने चोकची जुनी ट्यूब लावून क्लॅम्प मीटरवर (वायरभोवती अडकवून करंट मोजायचं यंत्र) ०.४३ अँपिअरचे ०.२३ करून दाखवले. आकडा निम्म्यावर येतो, तर बिलही येईल ना? (एक वाचक, परभणी)

उत्तर : नाही, घेऊ नका. आकडा खरा असतो, बिलाचा दावा खोटा.

या डबीत बहुधा एक छोटा कॅपॅसिटर (थोडी वीज साठवून परत देणारा भाग) आणि हिरवा दिवा असतो. काहींत तर नुसताच दिवा. ४० वॅटची ट्यूब तांब्याच्या चोकसकट साधारण ५० वॅट घेते. २३० व्होल्टला तेवढ्यासाठी ०.२२ अँपिअर पुरे, पण चोक जास्तीचा करंट ओढतो आणि परत लाइनला सोडतो. ४ मायक्रोफॅरडचा कॅपॅसिटर जोडला की ही देवाणघेवाण बरीचशी चोक आणि कॅपॅसिटर यांच्यातच होते, म्हणून क्लॅम्प मीटरचा आकडा उतरतो. वॅट मात्र ५० च राहतात. घरगुती बिल लागतं ते युनिटवर, म्हणजे वॅट गुणिले तासांवर. त्या परतणाऱ्या करंटचे पैसे तुम्ही आधीही देत नव्हता, मग वाचणार काय?

खात्री घरीच करता येते. मीटरवर एका युनिटला किती पल्स, म्हणजे दिवा किती वेळा लुकलुकतो, ते छापलेलं असतं, समजा ३२००. घरातलं सगळं बंद करून ७५ वॅटचा एकच पंखा फुल स्पीडवर लावा. लाल दिवा साधारण दर १५ सेकंदांनी लुकलुकेल. दहा पल्सना लागणारा वेळ मोजा, मग डबी लावून पुन्हा मोजा. फरक पडणार नाही.

कॅपॅसिटर ही चीज मात्र फसवी नाही. कारखान्यांच्या बिलात पॉवर फॅक्टर, म्हणजे ओढलेल्या करंटपैकी किती खरा कामी येतो ते प्रमाण, धरला जातो, तिथे तो पैसे वाचवतो. शेतातल्या पाच एचपीच्या मोटारीला साधारण २ केव्हीएआरचा (हे कॅपॅसिटरच्या क्षमतेचं माप) कॅपॅसिटर बसवला तर डीपीवरचा (ट्रान्सफॉर्मरवरचा) भार हलका होतो, व्होल्टेज सुधारतं. एका डीपीवरच्या सगळ्यांनी बसवले तर डीपी जळण्याचं प्रमाणही कमी होतं. आपल्याकडे रब्बीत डीपी जळला की पिकाचं काय होतं ते वेगळं सांगायला नको.

प्रश्न : आधीच घेतलंय. लावून ठेवलं तर बिघडतं का? (लातूर)

उत्तर : काढून टाका. स्वस्त डब्यांत फ्यूज नसतो. व्होल्टेज वरखाली झालं की कॅपॅसिटर तापतो, फुगतो, प्लास्टिक वितळतं. उपसल्यावर पिनांना हात लावू नका, आत साठलेल्या विजेचा झटका बसू शकतो.

प्रश्न : मग उन्हाळ्यातलं बिल कमी करायचं कसं? (जालना)

उत्तर : पैसे पंख्यावर घाला. ७५ वॅटच्या जागी २८-३० वॅटचा बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटारीचा) पंखा रोज बारा तास चालला तर महिन्याला सोळा-सतरा युनिट वाचतात. चोकच्या ट्यूब काढून २० वॅटच्या एलईडी लावा.

कूलर चालू असताना समोरची खिडकी उघडी ठेवा. बंद खोलीत दमटपणा साठतो, गारवा येत नाही आणि मग कूलर तासन्‌तास फुलवर चालतो. बोअरच्या पाण्याचे क्षार गवतावर चढले की हवा अडते. अशा वेळी मोटार नाही, गवत बदला.

एवढं करूनही युनिट जास्त येत असतील तर गळती तपासा. मेन चालू ठेवून सगळी बटणं बंद करा. फ्रिज, इन्व्हर्टर, सेट-टॉप बॉक्सच्या पिनाही काढा. मीटरचा पल्स-दिवा विझलेला किंवा स्थिर राहिला तर ठीक. लुकलुकला तर करंट कुठेतरी जातोय, बहुतेकदा बोअरच्या केबलमधून किंवा गीझरमधून. वायरमनकडून एकेक लाइन सोडवून बघा. मेन बंद केल्यावरही लुकलुकत असेल तर मीटर आणि मेनमधल्या वायरवर कुणाची जोडणी आहे का ते पाहायला सांगा, आणि महावितरणच्या कार्यालयात मीटर तपासणीचा लेखी अर्ज द्या.