टॉवेलचे माग हास्केल किंवा एलिक्झिरवर चालवता येतील का?

हास्केल आणि एलिक्झिर या प्रोग्रामिंगच्या भाषा. प्रश्न सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या रेपियर मागांचा (दांड्याने बाणा ओढणाऱ्या) आहे. थेट माग चालवायला नको, पीएलसीच्या (मागावरच्या औद्योगिक कंट्रोलरच्या) वर बसवायला जरूर घ्या.

माग 300 आरपीएमवर असेल तर एक पिक (बाण्याचा एक धागा टाकणं) 200 मिलिसेकंदांत होतो. बाणा तुटल्यावर त्याच पिकात थांबायला हवं. साध्या लिनक्सवर हास्केलची मेमरी-सफाई नेमकी त्याच क्षणी सुरू झाली, तर टॉवेलवर पट्टा आलाच. म्हणून स्टॉप-मोशन (धागा तुटला की माग थांबवणं) पीएलसीतच ठेवा. आणि इमर्जन्सी स्टॉप थेट वायरिंगने. तिथे कुठलीच भाषा नको.

पीएलसीच्या वर एलिक्झिर छान बसतं: प्रत्येक मागाला एक प्रोसेस (प्रोग्रामचा स्वतंत्र चालणारा तुकडा), ती पडली तर सुपरवायझर (देखरेखीची प्रोसेस) तेवढीच पुन्हा उठवतो, बाकीचे माग चालूच. फक्त सगळ्या पीएलसींना जोडणारी आरएस-485 ची संदेशांची लाइन एकच असते, त्यामुळे पोर्ट एकाच प्रोसेसच्या ताब्यात द्या. सगळ्यांनी एकदम विचारलं की फ्रेम (संदेश) आदळतात आणि सीआरसीच्या (संदेश बिघडलाय का ते तपासणाऱ्या आकड्याच्या) चुका येतात. 9600 बॉडवर 16 मागांची फेरी साधारण सेकंदभरात होते. लाइनच्या दोन्ही टोकांना 120 ओहमचा रेझिस्टर लावा, केबल व्हीएफडीच्या (मोटरचा वेग बदलणाऱ्या ड्राइव्हच्या) वायरींपासून लांब न्या.

पिक-काउंटर सुरुवातीपासूनच 65536 च्या पटीत भलतेच मोठे आकडे दाखवू लागला, तर 32 बिटांच्या आकड्याचे 16-16 बिटांचे दोन रजिस्टर (पीएलसीतले आकड्यांचे कप्पे) उलट्या क्रमाने वाचले जातायत.

निर्णयाचा भाग शुद्ध फंक्शन ठेवा: जुनी स्थिती आणि घटना आत, नवी स्थिती आणि आदेश बाहेर. मग माग न लावता टेबलावरच तपासता येतं.