भूकंपाच्या गावात चर्चच्या मंडळीतर्फे निघालात तर...

अरे, तुमची चर्चची यूथ टीम निघालीये हे चांगलंय, पण आधी ते जुन्या कपड्यांचे गठ्ठे गाडीतून उतरव. ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे चारच्या सुमारास किल्लारीकडं जमीन हलली, तेव्हा माणसं मारली ती घरांनीच, मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आन वर माळवदाचा, म्हणजे मातीच्या सपाट छताचा, भार. म्हणून तडा गेलेल्या भिंतीच्या सावलीला बी बसू नका, ती चर्चची का असेना, उपासना मांडवात घ्या.

मदत कुणाला द्यायची ती यादी तिथल्या चर्चच्या पाळकसाहेबांनी दिली तरी तलाठ्याच्या यादीशी ताडून बघा, आन फक्त आपल्याच मंडळीला वाटून निघून आलात तर तिथल्या आपल्या लोकांना नंतर त्याच गावात राहायचंय, त्याच हापशावर पाणी भरायचंय, हे डोक्यात ठेवा. प्रार्थना कुणी मागितली तर जरूर करा, ताडपत्रीच्या बदल्यात नाही, किटमधी पत्रकं तर अजिबात नको. पॅड, आतले कपडे टीममधल्या बहिणींच्याच हातून वाटा. आन फोटो कमी काढा राव, म्हातारीला पाकीट धरून हसायला लावतात ते बघवत नाही. थोडे पैसे राखून ठेवा, महिन्याभरानं मदतीच्या गाड्या आटतात आन पत्रे, रब्बीचं बियाणं, पोरांची फी सगळं तेव्हाच लागतं.